‘गैरसप्पा’ नावाची मालवाहू आगबोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसएस गैरसप्पा हे नाव २०११ साली जगभरच्या बातम्यांत झळकलं ते समुद्रतळावर सापडलेल्या चांदीमुळे. म्हणून विचारणाराही पहिल्यांदा चांदीबद्दलच विचारतो. पण चांदी त्या बोटीवर होती दोन-अडीच महिने. त्याआधीची एकवीस वर्षं ती कोळसा जाळत, कंपनी सांगेल तो माल भरत फिरत होती, आणि ती बुडाली त्यालाही मूळ कारण कोळसाच झाला. चांदीचं उत्तर खाली आहे, फक्त रांगेत जरा मागे.

हे नाव आपल्याकडचं कसं?

उत्तर कन्नड जिल्ह्यात शरावती नदीकाठी गेरुसोप्पे नावाचं गाव आहे. जोगच्या धबधब्याला आपल्याकडे जुनी माणसं ‘गिरसप्पाचा धबधबा’ म्हणतात तो त्याच गावावरून. सोळाव्या शतकात इथे चेन्नभैरादेवी नावाची राणी होती आणि तिच्या हातातल्या मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’ म्हणत. बोटीची मालक ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. ती १८५६ मध्ये कलकत्त्याच्या व्यापारासाठी निघाली, १९१४ मध्ये पी अँड ओ कंपनीशी जोडली गेली आणि आपल्या लोकांच्या तोंडी ‘बी. आय.’ म्हणून राहिली. आपल्या बोटींना या भागातल्या गावांची, ‘आ’कारान्त नावं द्यायची तिची रीत होती. मुंबईहून आखाताकडे जाणारी ‘द्वारका’ ज्यांना आठवते, ती याच कंपनीची, १९८२ पर्यंत चालू होती. काळं धुराडं आणि त्यावर दोन पांढरे पट्टे, ही ओळख.

ती कुठे आणि कशासाठी बांधली?

इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीवर, पामर्स कंपनीच्या कारखान्यात. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी इतकी जहाजं बुडवली की ब्रिटिश सरकारने ठरावीक नकाशे काढून एकसारख्या मालवाहू बोटींचा धडाका लावला. त्या सगळ्यांची नावं ‘वॉर’ने सुरू व्हायची. आपली बोट ‘वॉर रोबक’ म्हणून बांधायला घेतली होती. पाण्यात उतरेपर्यंत १९१९ चा ऑगस्ट उजाडला, युद्ध संपलं होतं, आणि बी. आय.ने ती घेऊन नवं नाव दिलं. पाणबुड्यांनी केलेली तूट भरून काढायला जन्मलेली बोट पुढे पाणबुडीनेच बुडवली.

५,२३७ टन म्हणजे बोटीचं वजन का?

नाही. हा ‘ग्रॉस टन’ म्हणजे बोटीच्या आतल्या जागेचं माप. १०० घनफूट म्हणजे एक टन. कागदोपत्री बोटीची ओळख या आकड्याने होते. या नकाशाच्या बोटी साधारण ४०० फूट लांब, ५२ फूट रुंद असत आणि माल, कोळसा, पाणी धरून ८,००० टनांच्या आसपास वजन उचलत. हल्लीच्या कंटेनर जहाजापुढे ही होडीच, पण तेव्हा हीच नेहमीची, कामाची बोट.

इंजिन कसं चालायचं?

मोठ्या गोल बॉयलरमध्ये वाफ, ती वाफ तीन सिलिंडरमधून एकापाठोपाठ एक. पहिल्यात जोर जास्त आणि जागा कमी; तिथलं काम झालं की तीच वाफ मधल्यात; तिथून उरलेल्या दमावर तिसऱ्या, सगळ्यांत मोठ्या सिलिंडरमध्ये. या ठरावीक बोटींच्या इंजिनांत सिलिंडरचे व्यास २७, ४४ आणि ७३ इंच असायचे. वाफेचा जोर उतरत जाईल तसा पिस्टन मोठा, म्हणजे तिघांनाही साधारण सारखंच काम. शेवटी कंडेन्सरमध्ये समुद्राच्या थंड पाण्याने वाफेचं पुन्हा गोडं पाणी होऊन ते बॉयलरकडे परत. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे, ताशी दहा-अकरा सागरी मैल. हळू, पण भरवशाचं यंत्र. डोळ्यांसमोर उघडं फिरणारं, चालू असताना हाताने तेल घालता येणारं. तेलवाला दांडा वर-खाली होत असताना नेमक्या क्षणी हात आत घालून बेअरिंग तापलंय का ते चाचपून बघायचा. हात लवकर किंवा उशिरा काढला तर बोटं गेली.

कोळसा इतका महत्त्वाचा का? सविस्तर सांगा.

अशी बोट दिवसाला साधारण पंचवीस-तीस टन कोळसा खायची. तीन आठवडे सलग चालली तर पाच-सहाशे टन. आणि यातला खडान् खडा माणसाच्या हाताने हलायचा. एकदा नव्हे, तीन-चारदा.

बॉयलरपाशी उभा असतो तो आगवाला. त्याच्या वाट्याला दोन-तीन भट्ट्या. दार उघडायचं, फावड्याने कोळसा आत असा फेकायचा की जाळीभर सारखा पसरेल, दार लगेच बंद. दार उघडं राहिलं की गार हवा आत जाते आणि वाफ पडते. कोळशाचा ढीग एका जागी पडला तर मध्ये विस्तव आणि कडेला जाळी उघडी. म्हणजे ताकद लागायची तशी नजरही. बोट डोलत असताना, पायाखालची लोखंडी पत्र्याची जमीन घसरत असताना हे करायचं. उष्ण कटिबंधात तिथलं तापमान पन्नास अंशांपर्यंत सहज जायचं.

खरा घाम निघायचा तो भट्टी साफ करताना. प्रत्येक पाळीत एखादी भट्टी आळीपाळीने ‘मारायची’: लांब सळीने तळाला चिकटलेला वितळलेल्या राखेचा थर फोडायचा, दाताळ्याने तो लालभडक ढिगारा पायांपुढे ओढायचा, त्यावर बादलीभर पाणी मारायचं. मग त्या वाफेत आणि गंधकाच्या धुरात राख डब्यात भरून वर चढवायची आणि समुद्रात टाकायची. आपल्याकडच्या राणीगंज-झरियाच्या कोळशात राख जास्त, त्यामुळे कलकत्त्याला कोळसा भरलेल्या बोटीवर हे काम आणखी वाढायचं. तेवढा वेळ ती भट्टी गारच, आणि वरचा इंजिनियर काट्याकडे बघून ओरडणार.

कोयलावाल्याचं काम याहून वाईट. बंकर म्हणजे कोळशाची कोठारं, तिथून भट्टीपर्यंत कोळसा ओढून आणणं त्याच्याकडे. बंदर सोडलं तेव्हा कोळसा दाराशीच असतो, ढासळून आपोआप पुढे येतो. जसजसे दिवस जातात तसतसा तो मागे सरकतो, कोपऱ्याकापऱ्यांत जातो. काळोखात, धुळीत, दिव्याच्या उजेडावर ढकलगाडी भरून प्रत्येक खेपेला जास्त अंतर तुडवायचं. म्हणजे सफर संपत येते, माणसं थकलेली असतात, तेव्हाच काम सगळ्यांत अवघड होतं. समोरून वारा लागला तर आधीच कमी झालेला कोळसा दुप्पट वेगाने संपतो. ‘गैरसप्पा’ची शेवटची गोष्ट कळायला ही बाब ध्यानात ठेवा.

बोटीवर कोण कोण असायचं?

कप्तान, मेट, इंजिनियर, वायरलेसवाला हे गोरे. बाकी सगळी माणसं हिंदी, आणि त्यांची तीन खाती.

डेकवर सारंग हा मुख्य. त्याच्या हाताखाली टंडेल, मग खलाशी, चाकावर सुकाणी, दिवे, दोर, रंग सांभाळणारा कसाब. इंजिनात त्यांचा वेगळा सारंग आणि टंडेल, तेलवाले, आगवाले, कोयलावाले. तिसरं खातं सलूनचं, म्हणजे बटलर, स्वयंपाकी, वाढपी. शिवाय खलाशांसाठी रांधणारा भंडारी आणि संडास-मोऱ्या धुणारा टोपाज. गोरा अधिकारी खलाशाला थेट हुकूम क्वचितच द्यायचा. सारंगाला सांगायचा, सारंग करून घ्यायचा. भरतीही बरीचशी सारंगाच्या हातात, त्यामुळे एका गावची, एका नात्याची माणसं एकाच बोटीवर दिसायची. यात आधार होता तशी लूटही होती. नोकरीसाठी सारंगाला आणि दलालाला पैसे चारावे लागत, ते कर्जाने काढलेले असत, आणि पहिल्या काही महिन्यांचा पगार त्यातच जाई. सारंगाला देवमाणूस ठरवणाऱ्या आठवणी मी जरा सावधपणे वाचतो.

यात कोकणातली माणसं होती का?

बी. आय.च्या आणि इतर ब्रिटिश कंपन्यांच्या मुंबईला भरती होणाऱ्या बोटींवर भरपूर. मुंबईत डेकची माणसं मुख्यतः रत्नागिरी-जंजिऱ्याकडची आणि गुजरात-काठेवाडच्या किनाऱ्यावरची, इंजिनात पंजाब आणि सरहद्दीकडचे, सलूनमध्ये गोव्याचे. दोन सफरींच्या मधल्या बेकारीत गोंयकार धोबी तलाव-माझगावच्या ‘कुडां’मध्ये राहायचे, म्हणजे आपापल्या गावाने चालवलेल्या खोल्यांत, कोकणी मुसलमानांच्या गावोगावच्या जमातींच्याही अशाच खोल्या होत्या. ‘गैरसप्पा’ शेवटी कलकत्त्याहून निघाली. कलकत्त्याची भरती मात्र मुख्यतः पूर्व बंगालची: सिलहट, नोआखाली, चितगाव. तिथल्या एखाद्या खेड्यात या बोटीची आठवण आपल्यापेक्षा जास्त असायला हवी.

पगार किती मिळायचा?

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी खलाशाला महिन्याला साधारण पंचवीस रुपये. त्याच कामाला ब्रिटिश खलाशाला नऊ-दहा पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वाशेच्या वर. बोट तीच, समुद्र तोच, टॉर्पेडो तोच. १९३९ च्या अखेरीस ब्रिटनमधल्या आणि इतर बंदरांतल्या हिंदी खलाशांनी बोटी रोखून धरल्या. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं, पण पगार वाढवावा लागला. युद्धाच्या पुढच्या वर्षांत तो आणखी वाढत गेला. बरोबरीचा मात्र झाला नाही.

राहायला जागा कशी होती?

कायद्याने गोऱ्या खलाशाला १२० घनफूट जागा ठरली तेव्हा हिंदी खलाशाला ३६. हे आकडे घेऊन एकदा खोलीत पट्टी लावून बघा: सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. कंपन्यांना हिंदी खलाशी हवेहवेसे का वाटत, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

माल कसा भरायचे?

यात डोकं लागायचं. ‘गैरसप्पा’चा शेवटचा माल उदाहरणाला घेऊ: सुमारे २,६०० टन बिडाचं लोखंड, १,७६५ टन चहा, वर दोन हजार टनांहून जास्त किरकोळ सामान, आणि चांदी. लोखंड जड, जागा थोडी खातं. सगळं तळाशी टाकलं तर बोट इतकी ताठ होते की लाटेवर झटक्याने उभी राहते आणि माणसं, यंत्रं, दोर सगळ्यांना हिसके बसतात. म्हणून वजन वेगवेगळ्या हॅचमध्ये, म्हणजे डेकवर तोंड उघडणाऱ्या मालाच्या कोठ्यांत, वाटायचं. चहा उलटा: हलका आणि जागाखाऊ, शिवाय शेजारच्याचा वास ओढून घेणारा. चहाच्या पेट्यांजवळ कातडी, तेल, मसाले ठेवले की लंडनचा व्यापारी माल परत करणार. खाली फळ्या, चटया अंथरून ओल लागणार नाही असं बघायचं.

भरणं-उतरवणं बोटीच्या स्वतःच्या डेरिकने (माल उचलायचा लांब दांडा) आणि दोर ओढणाऱ्या वाफेच्या विंचने. धक्क्यावर मजुरांची टोळी, हॅचमध्ये दुसरी, वर काठाशी उभा राहून हाताच्या खुणा करणारा एकजण. त्याच्या खुणेवर खालच्यांचा जीव. सगळं भरलं की हॅचवर लाकडी फळ्या, त्यावर ताडपत्र्या, कडेला लोखंडी पट्ट्या आणि लाकडी पाचरी ठोकून घट्ट. एका बंदरात आठवडा सहज जायचा. १९५६ नंतर कंटेनर आले आणि हे सगळं मोडीत निघालं.

शेवटच्या सफरीत नेमकं काय झालं?

डिसेंबर १९४० मध्ये कलकत्ता सोडलं. भूमध्य समुद्र युद्धामुळे धोक्याचा, म्हणून आफ्रिकेला वळसा. सिएरा लिओनच्या फ्रीटाउनला बोटी जमायच्या आणि ताफ्याने ब्रिटनकडे निघायच्या. ‘गैरसप्पा’ एसएल ६४ या ताफ्यात होती. जानेवारीच्या अखेरीस तो निघाला. हळू चालणाऱ्या बोटींचा ताफा, ताशी आठ सागरी मैलांचा वेग.

उत्तरेकडे हवा बिघडली. जड भरलेली बोट, समोरून वारा आणि उसळलेला समुद्र, बंकर रिकामे होत आलेले. ताफ्याबरोबर राहण्याइतका कोळसा उरला नाही, तेव्हा १४ फेब्रुवारीला कप्तान जेरल्ड हायलंडने ताफा सोडून आयर्लंडच्या गॅलवे बंदराची वाट धरली. एकटी, मंद, धूर सोडणारी बोट. दोन दिवसांनी जर्मन विमान वरून घिरट्या घालून गेलं. १६-१७ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री कप्तान एर्न्स्ट मेंगर्सनच्या यू-१०१ या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. पुढची डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर वायरलेसची तार तुटली. मदतीची हाक नीट जाऊच शकली नाही. वीसेक मिनिटांत बोट गेली.

कोणी वाचलं का?

ऐंशीहून जास्त माणसांपैकी एक. दुसरा अधिकारी रिचर्ड एअर्स. त्याच्या जीवरक्षक होडीत सुरुवातीला तीसेक जण होते, बहुतेक हिंदी खलाशी. हिवाळ्याचा अटलांटिक आणि अंगावर इंजिनघरातले सुती कपडे. पाणी, बिस्किटं मोजून. थंडीने, तहानेने, समुद्राचं पाणी पिऊन एकेक जण गेला. तेरा दिवसांनी होडी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, लिझर्डच्या किनाऱ्यापाशी पोचली तेव्हा मोजकेच श्वास घेत होते, आणि तिथे खडकांपाशी लाटेने ती उलटवली. किनाऱ्यावरच्या काही मुलींनी होडी पाहून माणसं बोलावली म्हणून एअर्स तरी हाती लागला. तो पुन्हा समुद्रावर गेला. १९९२ पर्यंत जगला.

बाकीच्या होड्यांचा कधीच पत्ता लागला नाही.

आता चांदी. कोणाची, किती, कोणाला मिळाली?

विमा ब्रिटिश सरकारचा होता, नुकसानीचे पैसे सरकारनेच भरले, म्हणून मालकी सरकारकडे. ब्रिटनने अमेरिकेच्या ओडिसी मरीन कंपनीशी करार केला: खर्च आणि धोका कंपनीचा, निघालेल्या चांदीचा ८० टक्के वाटा कंपनीला. २०११ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला सुमारे ४,७०० मीटर खोलीवर बोट सापडली. टायटॅनिकपेक्षाही हे जवळजवळ एक किलोमीटर खोल. २०१२ आणि २०१३ मध्ये यंत्रमानवांनी मिळून २,७०० हून जास्त लगडी, सुमारे ११० टन चांदी वर काढली. थोडी चांदी ब्रिटनच्या टांकसाळीने नाण्यांत वापरली. त्यांच्या कडेवर बोटीचं नाव कोरलेलं आहे. जिथे त्या बोटीवर काम करणाऱ्यांची नावं यायला हवीत तिथे नुसतं बोटीचं नाव शोभतं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

पत्रंही सापडली म्हणतात?

हो, आणि मला विचाराल तर चांदीपेक्षा तीच मोठी. हिंदुस्थानातून ब्रिटनला चाललेल्या टपालातली सातशेहून जास्त पत्रं गाळाखाली, उजेड आणि प्राणवायू न पोचलेल्या जागी सत्तर वर्षं टिकली. सैनिक, मिशनरी, व्यापारी यांनी १९४० च्या शेवटच्या आठवड्यांत लिहिलेली. लंडनच्या टपाल संग्रहालयाने २०१८ मध्ये त्यातली काही मांडली. पाठवणारे बहुतेक गोरे. भट्टीपुढच्या माणसांची पत्रं टपालाच्या या थैल्यांत असण्याचं कारण नव्हतं, त्यांची घरं बोटीच्या मागच्या दिशेला होती.

अशी बोट आज कुठे बघायला मिळते?

हुबेहूब अशी, कोळशाची, माझ्या माहितीत सहजासहजी नाही. जवळची नातेवाईक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लिबर्टी बोट: सॅन फ्रान्सिस्कोत ‘जेरेमाया ओब्रायन’, बाल्टिमोरमध्ये ‘जॉन डब्ल्यू. ब्राउन’. दोन्हींत तीन सिलिंडरचं इंजिन आजही चालतं, फक्त बॉयलरला कोळशाऐवजी तेल. अमेरिकेत असाल तर इंजिनघरात उतरायची संधी सोडू नका. आपल्याकडे स्वतंत्र भारतात नेहरूंनी विशाखापट्टणमला १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात सोडलेली सिंदिया कंपनीची ‘जलउषा’ हीदेखील वाफेचीच होती.

आमचे आजोबा-पणजोबा बोटीवर होते, युद्धात परत आले नाहीत. नाव कुठे शोधायचं?

ब्रिटिश नाविकांची नावं लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर आहेत. हिंदी व्यापारी नौदलातल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे सहा हजार मृतांची नोंद मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकांच्या नामावलीत आहे. दोन्हीकडे तीच यादी. मुंबईचं स्मारक मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर ही यादी फुकट शोधता येते. नावाने सापडलं नाही तर घाबरू नका: नावं भरती कचेरीतल्या कारकुनाने कानावर पडली तशी इंग्रजीत लिहिली, आडनावं गाळली, एकच नाव चार तऱ्हांनी आलं. म्हणून बोटीचं नाव, मृत्यूची तारीख किंवा हुद्दा घेऊन शोधा. काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं, तेही ताडून बघा. घरात जुनी ‘नली’, म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, असेल तर आधी ती काढा. बोटीची नावं आणि तारखा त्यात असतात, आणि बोट कळली की निम्मं काम झालं.